उडीवीर पीटर ओकॉनर

धांवणें, उडी मारणें आणि फेकणें या तीन क्रिया मनुष्य कोणीं न शिकवितां करूं लागतो. त्यांतल्या त्यांत उडीविषयीं आपल्या मनांत कांहीं निराळेंच कौतुक आहे. मारुतीनें समुद्र उल्लंघिला ही कथा आपण बाळपणापासून ऐकत आलों आहों. आणि ओढा आडवा आला कीं, पलीकडच्या थडीवर कोण पोंचतो याची पैज लागल्यावांचून मुलें पुढें जात नाहींत. परंतु मनुष्याची उडी खरोखर किती लांब जाऊं शकते, हें फीत लावून मोजण्यास आणि त्याची विश्वसनीय नोंद ठेवण्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतच आरंभ झाला. त्या नोंदींत ज्याचें नांव वीस वर्षें सर्वांच्या वर राहिलें, अशा एका आयरिश गृहस्थाची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे. त्याचें नांव पीटर ओकॉनर.

चरित्राकडे वळण्यापूर्वीं लांब उडी म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहूं. उडी मारणारा चाळीस-पन्नास यार्डांवरून वेगानें धांवत येतो. जमिनींत बसविलेली एक पांढरी फळी असते; तिच्यावर एक पाय टेकून तो उसळतो आणि पुढच्या वाळूच्या हौदांत पडतो. वाळूंत उमटलेल्या खुणांपैकीं फळीला अगदीं जवळची जी खूण, तिच्यापासून फळीच्या पुढच्या कडेपर्यंतचें अंतर म्हणजे त्याची उडी. टांचा पंचवीस फुटांवर पडल्या आणि तोल जाऊन हात मागें चोविसांवर टेकला, तर उडी चोवीस फूटच धरली जाते. उलटपक्षीं, फळीच्या पुढें पाऊल बोटभर जरी गेलें तरी ती उडी बाद होते. आणि पाऊल फळीच्या अलीकडे पडलें तर तेवढी उडी फुकट जाते. तेव्हां वाऱ्याच्या वेगानें धांवत येऊन पाऊल नेमकें टीचभर जागेंत टाकावयाचें, ही या खेळांतील पहिली अडचण.

दुसरी अडचण अधिक मौजेची आहे. शाळेच्या पुस्तकांत आपण वाचतों कीं, धोंडा जास्तींत जास्त लांब जावा असें वाटत असेल तर तो पंचेचाळीस अंशांच्या कोनांत फेकावा. मग उडी मारणारानेंहि पंचेचाळीस अंशांत कां उसळूं नये? माझ्या वर्गांतील चौकस मुलें हा प्रश्न हटकून विचारीत. त्याचें उत्तर असें कीं, धोंडा स्थिर हातांतून सुटतो. मनुष्य मात्र आपला सारा वेग धांवण्यांत कमावून आणतो. फळीवर त्याचें पाऊल टेकलेलें असतें तें सेकंदाचा सुमारें दहावा भाग. एवढ्या अवधींत पुढचा वेग वर वळवावयाचा, तर त्यांतील बराचसा खर्चीं पडतो. म्हणून उत्तम उडी मारणारा वीसएक अंशांच्या कोनांतच वर उठतो आणि वेग शक्य तितका शाबूत ठेवतो. हवेंत तो असतो तो एका सेकंदाहूनहि कमी. सारांश, लांब उडी म्हणजे पायांतील जोर एवढेंच नव्हे. वेग, जोर आणि नेमकेपणा यांची ती एका क्षणांत घातलेली सांगड आहे.

या कलेंत आयर्लंडचा लौकिक फार जुना. खेड्यापाड्यांतील जत्रांतून व रविवारच्या मेळाव्यांतून उंच उडी, लांब उडी, तिहेरी उडी, गोळाफेक असे खेळ तेथें पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. १८७४ सालीं जॉन लेन या आयरिश तरुणानें २३ फुटांची मर्यादा ओलांडली. त्यानंतर टिपररी परगण्यांतील कॅरिक गांवच्या डेव्हिन बंधूंचें नांव गाजलें. त्यांपैकीं पॅट डेव्हिन यानें उंच उडी आणि लांब उडी या दोहोंतहि जगांत पहिला क्रमांक मिळविला होता. त्याचा वडील भाऊ मॉरिस डेव्हिन हा, १८८४ सालीं थर्ल्स गांवीं जी गेलिक क्रीडासंस्था स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष. देशी खेळांचें पुनरुज्जीवन करावें, आणि इंग्रजी रीतिरिवाजांखालीं दबलेल्या सामान्य शेतकरी-कामकरी तरुणास मैदानावर मानाचें स्थान द्यावें, हा त्या संस्थेचा हेतु होता. आयर्लंड त्या काळीं ब्रिटिश पार्लमेंटच्या अमलाखालीं होतें. अशा देशांत खेळाचें मैदान हें केवळ खेळाचें मैदान राहत नाहीं, हें आपणांस निराळें सांगावयास नको.

पीटर ओकॉनरचा जन्म २४ ऑक्टोबर १८७२ रोजीं झाला, तोहि आयर्लंडांत नव्हे, तर इंग्लंडच्या वायव्य भागांतील कंबर्लंड परगण्यांत, मिलम या गांवीं. आईबाप आयरिश. पीटर लहान असतांनाच कुटुंब स्वदेशीं परत आलें आणि डब्लिनच्या दक्षिणेस समुद्रकांठीं असलेल्या विक्लो गांवीं त्याचें बाळपण गेलें. पुढें तो वॉटरफर्ड शहरीं एका वकिलाच्या कचेरींत कारकून म्हणून लागला व तेंच शहर त्यानें कायमचें आपलें केलें. म्हणजे ज्याला आज आपण धंदेवाईक खेळाडू म्हणतों तसला हा मनुष्य नव्हता. दिवसभर दस्तऐवजांच्या नकला आणि सायंकाळीं मैदानावर सराव, असा त्याचा क्रम. १८९६ सालीं तो गेलिक क्रीडासंस्थेचा सभासद झाला, आणि तीनच वर्षांनीं, १८९९ सालीं, अखिल आयर्लंडच्या सामन्यांत लांब उडी, उंच उडी आणि तिहेरी उडी या तिन्हींत त्यानें पदकें मिळविलीं. तेव्हां त्याचें वय सव्वीस वर्षांचें होतें. उडीच्या खेळांत हें वय कोंवळें नव्हे. परंतु उशिरां फुललेलें हें झाड पुढें बराच काळ बहरलेलें राहिलें.

त्याच सुमारास अमेरिकेंत मायर प्रिन्स्टीन नांवाचा एक विद्यार्थी पुढें आला होता. तो पोलंडांतील यहुदी कुटुंबांत जन्मलेला, लहानपणींच अमेरिकेस गेलेला आणि सिराक्यूज विद्यापीठांत शिकणारा. १९०० सालीं त्यानें २४ फूट सव्वासात इंच उडी मारून जगाचा उच्चांक आपल्या नांवावर केला. त्याच वर्षीं पॅरिस येथें ऑलिंपिक सामने झाले. ओकॉनरला ब्रिटिश चमूंतून येण्याचें आमंत्रण होतें. तें त्यानें नाकारलें. खेळेन तर आयर्लंडच्या नांवानें, नाहीं तर नाहीं, असा त्याचा बाणा. पॅरिसलाहि एक चमत्कारिक गोष्ट घडली. लांब उडीची अंतिम फेरी रविवारीं आली. प्रिन्स्टीनच्या विद्यापीठानें रविवारीं खेळण्यास मनाई केली, आणि तो स्वतः यहुदी असूनहि ख्रिस्ती विद्यापीठाच्या आज्ञेस मान देऊन बसून राहिला. आदल्या दिवशींची त्याची उडी हिशेबांत धरली गेली, तरी क्रेन्झ्लीन या देशबांधवानें त्याला एका सेंटिमीटरनें मागें टाकलें. हा प्रिन्स्टीन आपल्या गोष्टींत पुन्हां यावयाचा आहे, म्हणून त्याची एवढी ओळख.

१९०१ सालच्या मे महिन्यांत ओकॉनरनें डब्लिन येथें प्रिन्स्टीनच्या उच्चांकापुढें मजल मारली. परंतु त्या उडीस अधिकृत मान्यता लाभली नाहीं. मग ५ ऑगस्ट १९०१ हा दिवस उजाडला. डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागांतील रॉयल डब्लिन सोसायटीच्या मैदानावर सामने होते. ओकॉनर धांवत आला, फळीवर उसळला आणि वाळूंत उतरला. फीत लावून पाहिलें तों अंतर भरलें २४ फूट पावणेबारा इंच; मीटरच्या मापानें ७.६१.

पावणेबारा इंच! म्हणजे पंचवीस फुटांना अवघा पाव इंच कमी. मीटरच्या मापानें मोजणाऱ्या देशांत या आंकड्यास कांहीं विशेष अर्थ नव्हता. परंतु जेथें फुटानें मोजतात तेथें पंचवीस फूट ही जणूं लक्ष्मणरेषा होती. ओकॉनर त्या रेषेच्या उंबरठ्याशीं जाऊन थांबला. पाव इंच म्हणजे कांहीं फार मोठें अंतर नव्हे. तेवढें अंतर त्याला पुढें कधींहि कापतां आलें नाहीं. पण दुसऱ्या कोणासहि तें सहजासहजीं कापतां येईना. एक वर्ष गेलें, पांच गेलीं, दहा गेलीं. महायुद्ध आलें आणि गेलें. तरी उच्चांक जागचा हलला नाहीं. १९१२ सालीं आंतरराष्ट्रीय मैदानी खेळांचें मंडळ स्थापन झालें आणि जेव्हां त्यानें जागतिक उच्चांकांची यादी मुक्रर केली, तेव्हां लांब उडीच्या रकान्यांत पहिलें नांव लिहिलें गेलें तें ओकॉनरचें. अखेर २३ जुलै १९२१ रोजीं हार्वर्ड विद्यापीठाच्या एडवर्ड गूर्डिन या नीग्रो विद्यार्थ्यानें २५ फूट ३ इंच उडी मारून ती लक्ष्मणरेषा ओलांडली. म्हणजे ओकॉनरचा उच्चांक वीस वर्षें टिकला. आणि आयर्लंडपुरता पाहिला तर तो १९९० सालापर्यंत, एकोणनव्वद वर्षें, अबाधित राहिला.

हें कसें झालें? एक तर ओकॉनरची उडी ही आडदांड जोराची उडी नव्हती. त्याला धांवण्याचा वेग होता, आणि उंच उडींतहि तो निष्णात होता. वेग आणि उंची यांचा मिलाफ एका देहांत क्वचितच होतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय सामन्यांत १९०१ पासून १९०६ पर्यंत लागोपाठ सहा वर्षें लांब उडींत तो पहिला आला, यावरून त्याच्या कर्तबगारीचें सातत्य दिसून येतें. एखादे दिवशीं वारा पाठीशीं लागून कोणाची उडी लांब जाते. सहा वर्षें वारा कोणाच्याहि पाठीशीं राहत नाहीं.

आतां आपण १९०६ सालच्या वसंत ऋतूंत अथेन्स नगरांत जाऊं. पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने १८९६ सालीं तेथेंच झाले होते. त्यांस दहा वर्षें पूर्ण झालीं म्हणून ग्रीक लोकांनीं आपल्या संगमरवरी क्रीडाभुवनांत पुन्हां सामने भरविले. आयर्लंडमधील क्रीडासंस्थांनीं तीन खेळाडू पाठविले: ओकॉनर, उंच उडी मारणारा कॉन लेही, आणि धांवणारा जॉन डॅली. हिरवे कोट, हिरव्या टोप्या व त्यांवर सोनेरी शॅमरॉक, म्हणजे आयर्लंडचें तें तीन पानांचें चिन्ह, अशा पोशाखांत हे तिघे अथेन्सला दाखल झाले. आपण आयर्लंडचे प्रतिनिधि म्हणून आलों, अशीच त्यांची समजूत होती.

तेथें पोंचल्यावर त्यांस निराळेंच कळलें. ज्या देशाची स्वतंत्र ऑलिंपिक समिति आहे त्याच देशाच्या नांवानें खेळाडूंस उतरतां येईल, असा नियम झाला होता. ब्रिटनची समिति १९०५ सालींच स्थापन झाली होती. आयर्लंडला समिति नव्हती. तेव्हां तिघांचीं नांवें ब्रिटनच्या यादींत टाकण्यांत आलीं. त्यांनीं हरकत घेतली. ती मान्य झाली नाहीं. सहा वर्षांपूर्वीं ज्या गोष्टीसाठीं ओकॉनरनें पॅरिसचें आमंत्रण परत केलें होतें, तीच गोष्ट त्याच्या गळ्यांत पडली.

लांब उडीच्या सामन्यांत ओकॉनर आणि प्रिन्स्टीन अखेर समोरासमोर आले. प्रिन्स्टीन १९०४ सालीं सेंट लुई येथें लांब उडी व तिहेरी उडी या दोहोंत, आणि तेंहि एकाच दिवशीं, पहिला आलेला. गंमत अशी कीं, तो न्यूयॉर्कच्या ज्या क्रीडासंस्थेचा सभासद होता ती आयरिश-अमेरिकन संस्था होती! या सामन्यास पंच एकच. आणि तो पंच म्हणजे अमेरिकन चमूचे व्यवस्थापक मॅथ्यू हॅल्पिन. ओकॉनरनें आरंभींच तक्रार केली. ती फेटाळली गेली. मग हॅल्पिन यांच्या निर्णयांविरुद्ध तो सामनाभर तक्रार करीतच राहिला. अंतरें जाहीर झालीं तीं सर्व उड्या संपल्यावर. प्रिन्स्टीनची पहिलीच उडी ७.२० मीटर, ओकॉनरची सर्वांत चांगली, आणि ती शेवटची, ७.०२५ मीटर. ओकॉनर दुसरा आला.

येथें आपण तराजू सरळ धरला पाहिजे. ओकॉनरची तक्रार खरी होती कीं खोटी? दोन अंकी हिशेब केला तर असें दिसतें कीं, अथेन्समधील त्याची उडी त्याच्या स्वतःच्या उच्चांकापेक्षां सुमारें अठ्ठावन्न सेंटिमीटरांनीं उणी होती. आणि प्रिन्स्टीन हा कांहीं पंचाच्या कृपेनें जिंकणारा खेळाडू नव्हता, हें आपण वर पाहिलेंच आहे. तथापि एका पक्षाचा कारभारी एकटाच न्यायासनावर बसतो, यांतच अन्यायाचें बीज आहे. त्यानें काटेकोर न्याय दिला असला तरी हरणाऱ्याच्या मनांतील किंतु जात नाहीं, आणि जिंकणाऱ्याच्या यशावरहि विनाकारण सावली पडते. हॅल्पिन यांनीं पक्षपात केला असें मी म्हणत नाहीं. त्यांना त्या जागीं बसविणारांनीं मात्र दोन्ही खेळाडूंवर अन्याय केला, असें म्हणणें मला भाग आहे.

यानंतर जें घडलें त्यानेंच ओकॉनरचें नांव क्रीडेच्या इतिहासाबाहेरहि गेलें. विजयी खेळाडूंच्या सन्मानार्थ त्यांच्या देशांचे ध्वज उभारण्याची चाल होती. ओकॉनरच्या नांवानें ब्रिटनचा ध्वज वर चढूं लागला. तेव्हां हा तेहतीस वर्षांचा, एरवीं कचेरींत बसून काम करणारा गृहस्थ ध्वजस्तंभापाशीं गेला, वीसएक फूट वर चढला, आणि आपल्याबरोबर आणलेला मोठा हिरवा झेंडा त्यानें सर्वांदेखत फडकविला. त्या झेंड्यावर ‘एरिन गो ब्राह’ हीं आयरिश अक्षरें होतीं. त्यांचा अर्थ, आयर्लंड चिरकाल राहो. खालीं कॉन लेही आणखी एक झेंडा घेऊन स्तंभाची राखण करीत उभा होता, आणि अमेरिकन खेळाडूंपैकींहि कांहींजण त्याच्या मदतीस होते. म्हणजे ज्या चमूच्या व्यवस्थापकाविरुद्ध ओकॉनरची तक्रार, त्याच चमूंतील गडी त्याच्या झेंड्याचे पहारेकरी झाले! ऑलिंपिकच्या इतिहासांत मैदानावर राजकीय निषेध व्यक्त झाल्याचे जे प्रसंग सांगतात, त्यांत हा अगदीं आरंभींचा होय.

त्याच सामन्यांत पुढें तिहेरी उडी झाली. हा प्रकार आपल्या मुलांना समजावून देणें सोपें आहे. फळीवरून उसळून ज्या पायानें उसळलों त्याच पायावर उतरावयाचें, ही झाली लंगडी. मग दुसऱ्या पायावर एक लांब ढांग. आणि शेवटीं दोन्ही पायांनीं वाळूंत उडी. ओकॉनरनें १४.०७५ मीटर अंतर तोडून पहिला क्रमांक मिळविला, आणि लेही दुसरा आला. उंच उडींत तर लेही पहिला आला. पहिले दोन्ही क्रमांक आयर्लंडचे. अधिकृत यादींत मात्र दोन्हींपुढें ब्रिटनचें नांव.

श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या मनांत येथें स्वदेशाचा विचार आल्यावांचून राहणार नाहीं. १९०० सालच्या पॅरिस सामन्यांत कलकत्त्याचे नॉर्मन प्रिचर्ड यांनीं दोनशें मीटरांच्या दोन शर्यतींत रौप्यपदकें मिळविलीं. आंतरराष्ट्रीय समिति तीं पदकें भारताच्या खात्यावर मांडते. कित्येक इतिहासकार तीं ब्रिटनचीं मानतात. पुढें १९२० सालीं दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानें आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या खटपटीनें अँटवर्प येथें आपला चमू गेला. बेळगांवचे फडेप्पा चौगुले तेथें मॅरेथॉन शर्यत धांवले. त्या वेळीं आपण पारतंत्र्यांत होतों. तरी चमूस हिंदुस्थानचें नांव होतें. आयर्लंडला १९०६ सालीं एवढेंहि लाभलें नव्हतें. खेळाडूच्या नांवापुढें देशाचें नांव लिहिणें ही कारकुनी बाब वाटते खरी. पण ज्याला तें नांव नाकारलें जातें त्याला तिची किंमत कळते.

अथेन्सनंतर ओकॉनरनें सामन्यांतून निवृत्ति घेतली. कारकुनी करतां करतां तो स्वतः वकील झाला आणि वॉटरफर्डमध्यें त्यानें आपली वकिली चांगली जमविली. कुटुंब मोठें होतें; नऊ अपत्यें. शहरांतील मैदानी खेळांच्या मंडळाच्या संस्थापकांत तो होता आणि त्याचा पहिला उपाध्यक्षहि होता. पुढच्या ऑलिंपिक सामन्यांस तो कधीं पंच म्हणून, कधीं प्रेक्षक म्हणून जात असे. त्याच्यामागून टिम अहर्न या लिमेरिक परगण्यांतील तरुणानें १९०८ सालीं लंडन येथें तिहेरी उडी जिंकली, तीहि ब्रिटनच्याच नांवावर गेली. टिमचा धाकटा भाऊ डॅन यानें अमेरिकेंत जाऊन १९११ सालीं १५.५२ मीटरांचा जागतिक उच्चांक केला, तो अमेरिकेच्या नांवावर लागला. आयर्लंडच्या उड्या अशा देशोदेशींच्या वह्यांत विखुरल्या. १९२२ सालीं आयरिश स्वराज्य स्थापन झालें आणि १९२४ सालीं पॅरिस येथें आयर्लंडचा चमू प्रथमच स्वतःच्या नांवानें व ध्वजाखालीं ऑलिंपिक मैदानांत उतरला. अथेन्सच्या स्तंभावरील त्या प्रसंगास तेव्हां अठरा वर्षें झालीं होतीं.

९ नोव्हेंबर १९५७ रोजीं, वयाच्या पंचाऐशीव्या वर्षीं, पीटर ओकॉनर वारला. अथेन्समध्यें आपल्यावर अन्याय झाला हें त्याचें मत शेवटपर्यंत बदललें नाहीं. त्याच्या पदकांची कहाणीहि मोठी विलक्षण आहे. १९०६ सालचे सामने हे चार वर्षांच्या क्रमाबाहेरचे, म्हणून आंतरराष्ट्रीय समिति त्यांस अधिकृत ऑलिंपिक मानीत नाहीं. आणि त्यामुळें ओकॉनरचें सुवर्णपदक व रौप्यपदक हीं दोन्हीं अधिकृत यादींत नाहींत. ज्या पदकांपुढें कोणत्या देशाचें नांव लिहावें यावरून एवढें रण माजलें, तीं पदकेंच वहींतून गळलीं.

लांब उडी पुढें कोठल्या कोठें गेली. १९३५ सालीं जेसी ओवेन्सनें ८.१३ मीटर गांठले, १९६८ सालीं मेक्सिकोंत बॉब बीमननें ८.९० मीटर, आणि १९९१ सालीं माइक पॉवेलनें ८.९५ मीटर. आतां वाळूचे हौद निराळे, धांवपट्ट्या निराळ्या, पायांतले बूट निराळे. १९३६ सालापासून तर पाठचा वारा सेकंदास दोन मीटरांहून अधिक असला कीं उच्चांक मान्य होत नाहीं. म्हणून निरनिराळ्या काळांतील आंकडे एकाच मापानें तोलण्यांत फारसें स्वारस्य नाहीं. विचारावयाचें तें एवढेंच कीं, आपल्या काळांतील साधनांनिशीं हा मनुष्य किती दूर गेला, आणि त्याच्या मागून येणारांस तेथवर पोंचावयास किती दिवस लागले. ओकॉनरच्या बाबतींत पहिल्या प्रश्नाचें उत्तर आहे पाव इंच कमी पंचवीस फूट. दुसऱ्याचें, वीस वर्षें.